एलवायवाला तो मेसेज माझाच, आणि तो अर्धवट आहे

गेल्या आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर मी टाकलेलं की 'इंग्रजी शब्दाच्या शेवटी एलवाय (ly) दिसलं की डोळे मिटून अ‍ॅडव्हर्ब, म्हणजे क्रियाविशेषण, लिहा', आता तो मेसेज फिरत फिरत लालबागहून पार बोरिवलीच्या ग्रुपवर गेलाय म्हणे. तर प्लीज थांबवा, चूक माझी आहे.

झालं काय, काल शिकवणीला चौथीतली एक पोरगी म्हणाली, बाई मग फॅमिली पण अ‍ॅडव्हर्ब का? मी गप्पच. फॅमिली नाम आहे, फ्लाय क्रियापद आहे, फ्रेंडली आणि लव्हली विशेषणं आहेत, आणि एलवाय सगळ्यांना आहे! घरी येऊन डिक्शनरी काढली, शब्दापुढे जात लिहिलेलीच असते, आधीच बघायला हवी होती.

स्लोली, क्विकली यांना ट्रिक चालते कारण तिथे विशेषणाला एलवाय जोडलाय. पण उलटंही आहे, एलवाय नसलेले अ‍ॅडव्हर्ब असतात. फास्टचंच घ्या, 'फास्ट लोकल' म्हटलं की फास्ट विशेषण, कारण लोकल कशी ते सांगतोय, आणि 'द ट्रेन रन्स फास्ट' मध्ये तोच फास्ट अ‍ॅडव्हर्ब, कारण धावते कशी ते सांगतोय. फास्टली असा शब्द वापरतच नाहीत. हार्डला एलवाय लावला तर अर्थच फिरतो, 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे मेहनत करतो, 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे जेमतेमच करतो :)

मुलांना शेपूट बघायला नको, वाक्यात शब्द काय काम करतोय ते विचारा. जुना मेसेज डिलीट करा आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा.