ती पिवळी नळी हेरगिरीची नाही

‘परदेशी नळ्या समुद्रात सोडून आपली टेहळणी चाललीय,’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. फोटोत दिसतो तो आर्गो फ्लोट, म्हणजे समुद्राचं मोजमाप करणारं, आपोआप चालणारं यंत्र. साधारण १००० मीटर खोलीवर वाहत राहायचं, दर १० दिवसांनी २००० मीटरपर्यंत बुडी मारायची, वर येताना तापमान आणि क्षारता मोजायची, मग सगळं उपग्रहाला कळवायचं, एवढंच त्याचं काम. जगभर असे सुमारे ४००० फ्लोट आहेत. भारतही ते सोडतो. हिंदी महासागरातली माहिती हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही समुद्राविषयीची सरकारी संस्था सांभाळते आणि ही माहिती कुणालाही फुकट मिळते. (हेर एवढे उदार कधीपासून झाले?) समुद्र खोलवर किती तापलाय, चक्रीवादळाला किती बळ मिळेल, हे ठरवायला हेच आकडे लागतात. किनाऱ्यावर सापडलाच तर फोडू नका, आत लिथियम बॅटऱ्या असू शकतात. पोलिसांना कळवा.