फ्लेक्सिबल व्हा, सोपं असतं

इंग्रजी कच्चं आहे? काळजी नको. एकच शब्द घोटून घ्या: फ्लेक्सिबल. मुलाखतीत 'आय ॲम फ्लेक्सिबल' म्हणा आणि समोरचा चेहरा कसा उजळतो ते बघा. तुमच्या मते तुम्ही एक गुण सांगितलेला असतो. समोरच्याने तुमचे शनिवार-रविवार लिहून घेतलेले असतात.

थोडी व्युत्पत्तीही पाठ करा, म्हणजे वाकण्याला प्रतिष्ठा येते. लॅटिनमध्ये 'फ्लेक्टेरे' म्हणजे वाकवणे. गुडघा टेकण्याला 'जेन्युफ्लेक्ट' म्हणतात, तोही याच घरातला. शेजारचा 'सपल' (म्हणजेही लवचीकच) तर थेट गयावया करणाऱ्याच्या लॅटिन नावावरून आलाय. पण खरी गंमत शेपटीत आहे. 'एडिबल' म्हणजे खाणारा नव्हे, खाता येण्याजोगा. तसाच फ्लेक्सिबल म्हणजे वाकणारा नव्हे, वाकवता येण्याजोगा. वाकवणारा कोण, हे शब्दात नसतं. ते रुजू झाल्यावर कळतं. आपला 'लवचीक' त्या मानाने भोळा, तो निदान स्वतःचा स्वतः लवतो. (शब्दकोशात 'लवचीक' दिलंय खरं, पण बोलण्यातला अचूक मराठी प्रतिशब्द 'चालेल' हाच.)

आता व्याकरण. प्रथम पुरुषी हा शब्द म्हणजे अर्ज, द्वितीय पुरुषी हुकूम आणि तृतीय पुरुषी तुमची रद्द झालेली रजा. 'ते ना, फार फ्लेक्सिबल आहेत' असं तुमच्याबद्दल कुणी बोललं, की समजा, माती मऊ लागली आहे. आता कोपराने खणायला सुरुवात होईल. साहेबांसाठी मात्र हा शब्द चुकूनही वापरू नका. त्यांनी सकाळचा निर्णय दुपारी फिरवला तर ते 'डायनॅमिक' असतात. तुम्ही एकदाच 'जमणार नाही' म्हणालात तर 'रिजिड'.

जाहिरातीत 'फ्लेक्सिबल अवर्स' दिसले की आनंदाने अर्ज करा. 1967 साली जर्मनीतल्या विमानं बनवणाऱ्या एका कंपनीने ही सोय सुरू केली, तेव्हा कधी यायचं नि कधी जायचं हे काही मर्यादेत कर्मचाऱ्याने ठरवायचं होतं. जर्मन लोक त्याला 'ग्लाइटझाइट' म्हणतात, म्हणजे घसरती वेळ. नाव अगदी चपखल. वेळ अजूनही घसरतेच, फक्त घरी जायच्या बाजूचीच.

एक चूक टाळा: फ्लेक्सिबल आणि इलॅस्टिक यांची गल्लत करू नका. इलॅस्टिक वस्तू ताण सुटला की मूळ आकारात परत येते. भौतिकशास्त्रात तर रबरापेक्षा पोलाद जास्त इलॅस्टिक मानतात, कारण ते आकार बदलायला जास्त विरोध करतं. फ्लेक्सिबलमध्ये परत सरळ होण्याचं कलमच नाही. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की धातू वाकलेलाच राहतो. त्या टप्प्याला इंजिनिअर 'यील्ड पॉइंट' म्हणतात, आणि 'यील्ड'चा एक अर्थ शरण जाणे असाही होतो. मनुष्यबळ विभागात याला 'टीम प्लेअर' म्हणत असावेत.

सरावासाठी एक जेम क्लिप घ्या. उलगडून सरळ करा आणि एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहा. वाकणारी जागा बोटाला कोमट लागते. आधी ती मुकाट्याने वाकते, मग हट्टी होत जाते. गेल्या मीटिंगमध्ये आमचं वेळापत्रक चौथ्यांदा बदलत होतं, तेव्हा मी टेबलाखाली हेच करत होतो. टक्क असा आवाज झाला. सगळे थांबले.

"काय मोडलं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही सर, क्लिप होती," मी म्हणालो आणि रविवारच्या पाळीपुढे माझं नाव लिहिलं.