बापूची चप्पल आणि सात खणांची डबी

रामबागेत माईंच्या घराला लागून ओटला आहे. पुण्याचे पाहुणे त्याला कट्टा म्हणतात, आम्ही इंदूरकर ओटलाच म्हणतो. सकाळी फिरून आलेली मंडळी इथे टेकतात, कोपऱ्यावरून पोहे येतात आणि वर भुरभुरायचा जिरावन मसाला कमी पडला की जास्त, यावरून रोजचं भांडण सुरू होतं. परवा मात्र ते राहूनच गेलं, कारण बापूने खिशातून डबी काढली.

प्लास्टिकची, सात खणांची, प्रत्येक खणावर वाराचं इंग्रजी अक्षर. मुलाने अमेरिकेहून पाठवलेली. मंगळवारचा खण उघडला तर आत अकरा गोळ्या! त्यातली पिवळी, तुळतुळीत कॅप्सूल उन्हात धरून बापू म्हणाला, "माशाचं तेल. म्हातारपण लांबवतं."

"शनिवार-एकादशी करणारा तू, आणि मासा?" मी विचारलं.

"औषधाला सोवळं नसतं रे."

अण्णा तडकले. त्यांचे आजोबा नव्वदीपर्यंत वरण-भात आणि शेरभर दुधावर टिकले, हा त्यांचा ठरलेला पुरावा. (त्या आजोबांच्या पाच भावंडांचं काय झालं, ते अण्णा कधी सांगत नाहीत.) "सगळा धंदा आहे! दूध प्या, उन्हात बसा, काही लागत नाही."

"धंदा मी केलाय, मला सांगू नका," नाना म्हणाला. नानाने एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून दवा बाजाराच्या पायऱ्या झिजवल्यात. "पण बापूच्या चपलेचं विसरलात का?"

ती गोष्ट ओटल्यावर सगळ्यांना पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाऊन बापू परतत होता. डाव्या पायातली चप्पल निसटली आणि हा गृहस्थ एकाच चपलेवर राजवाड्यापर्यंत आला. कळलंच नाही. एका पोराने हटकलं, "भिया, चप्पल कहाँ गई?" तेव्हा याने खाली पाहिलं. मुंग्या सहा महिने येत होत्या, त्या वयाच्या खात्यावर टाकलेल्या. तपासलं तर नसांना लागणारं व्हिटॅमिन बी-१२ अवघं १२०, निदान २०० तरी हवं. आधी इंजेक्शनं, मग गोळी. मुंग्या गेल्या, पण तळव्याचा एक बधिर पट्टा अजून आहे.

"मग मी तेच म्हणतोय!" बापू उसळला. "एका गोळीने एवढा फरक, तर अकरांनी किती पडेल?"

"तुझ्या लँब्रेटातलं ऑइल संपलं होतं. टाकलं, चालली. आणखी चार लिटर ओतलंस तर उडणार आहे का ती?" नानाने विचारलं.

बापूला उत्तर सुचेना, तेवढ्यात नाना पुढे निघाला. त्याला एकदा सूर लागला की तो डॉक्टरसमोर उभा असल्यासारखा बोलतो. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटिन देऊन पाहिलं, गाजरातलंच. कॅन्सर कमी होईल अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला, तर गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. बापू दिवसाला चार सिगरेटी ओढतो. त्याने डबीतली केशरी गोळी मुकाट्याने बाजूला काढली.

अण्णा खुशीत आले. "म्हणूनच म्हणतो, कोवळ्या उन्हात बसा!"

"कोवळ्या उन्हात व्हिटॅमिन डी फारसं बनतच नाही, अण्णा. त्याला लागणारे किरण दुपारच्या सुमारास जास्त असतात. शिवाय सत्तरीची कातडी विशीच्या कातडीएवढं बनवत नाही." मग बापूकडे वळून, "तू हसू नकोस. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या २५ हजार लोकांवर पाच वर्षं पाहिलं, रोज २००० युनिट डी. हाडं मोडायची तेवढीच मोडली. कमी असेल त्यालाच द्यायचं." आठवड्याला एक घ्यायची ६० हजार युनिटची डीची पुडी रोज घेणारा एक म्हातारा त्याने पाहिलाय. रक्तात कॅल्शियम चढलं, उलट्या, सलाइन.

इथे माई खिडकीतून बोलल्या. "मग माझी डोळ्याची गोळीही बंद करू?"

"नाही, नाही माई, तुम्ही घ्या." नानाचा आवाज एकदम उतरला. माईंच्या डोळ्यांत पडद्याची झीज आहे, मधल्या टप्प्यावरची. त्या टप्प्यात सी, ई, झिंक, तांबं वगैरेंचं ठरावीक मिश्रण पुढची वाईट पायरी गाठण्याचा धोका साधारण पाव हिश्शाने कमी करतं, हे २००१ पासून माहीत आहे. धडधाकट डोळ्याला त्याचा उपयोग नाही आणि मोतीबिंदूला तर नाहीच. "फक्त थायरॉइडच्या गोळीनंतर कॅल्शियमला चार तास थांबा."

मला विचाराल तर नाना शिष्ट आहे, पण बरोबर आहे. रिपोर्ट न बघता अकरा गोळ्या गिळणं आणि रिपोर्ट न बघता "काही लागत नाही" म्हणणं, दोन्ही अंदाजपंचेच. आणि त्या दिवशी अंदाज अण्णांचा जास्त चुकला.

"अण्णा, तुम्ही शुगरची कोणती घेता?"

"मेटफॉर्मिन. दहा वर्षं झाली."

"आणि ॲसिडिटीची?"

"रोज सकाळी. का?"

"दोन्ही बी-१२ खातात. दुधातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सोडवायला पोटात आम्ल लागतं. ते वयाने कमी होतं, उरलेलं तुमची गोळी दाबते. शेरभर दूध पिऊन ते अंगी लागेलच असं नाही. विकत घेतलेल्या गोळीतलं सुटंच असतं, ते लागतं. गोळ्या बंद करू नका, फक्त एकदा तपासून घ्या."

"मला काहीही होत नाही," अण्णा म्हणाले.

पोहे संपले. बापू उरलेल्या दहा गोळ्या नानापुढे मांडून एकेकीचं नाव विचारत बसला. अण्णा उठले, ओटल्यावरून पाय खाली सोडले आणि चपलेत अंगठा नीट अडकलाय का ते वाकून दोनदा पाहिलं.