मिझोरामला दिसलं ते दिल्लीला का दिसलं नाही?

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक वाद ठरलेला असतो. रखडलेला पूल असो की महापालिकेतला घोळ, कुणीतरी लिहितंच, "पाच वर्षं देश लष्कराच्या ताब्यात द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील." आणि म्यानमारचा विषय निघाला की त्याच ग्रुपवर दुसरा सूर लागतो. त्यांच्या देशात काय चाललंय त्याच्याशी आपल्याला काय करायचंय, जो खुर्चीवर बसला असेल त्याच्याशी बोलावं आणि आपलं हित साधावं. मी यांगूनमध्ये औषधांच्या व्यवसायात काही वर्षं काढली, आता बँकॉकमध्ये असतो. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं सत्ता हातात घेतली तेव्हा मी यांगूनमध्येच होतो. या दोन्ही म्हणण्यांना मला मनापासून उत्तर द्यायचं आहे.

त्या सकाळी राजधानी नेपिडॉमध्ये नव्या संसदेची पहिली बैठक भरायची होती. तीन महिन्यांपूर्वीची निवडणूक आँग सान सू की यांच्या पक्षानं प्रचंड बहुमतानं जिंकली होती. बैठक भरण्याआधीच सू की आणि राष्ट्राध्यक्ष विन मिंट यांना अटक झाली. सेनाप्रमुख मिन आंग लाइंग यांनी मतदार याद्यांतल्या गैरप्रकारांचं कारण पुढे केलं. दोन दिवसांत सरकारी डॉक्टरांनी संप पुकारला. मग बँकांचे, रेल्वेचे, बंदराचे कर्मचारी बाहेर पडले. रात्री आठ वाजले की गल्लीतल्या प्रत्येक बाल्कनीतून पातेली-झाकणं बडवायचा आवाज सुरू व्हायचा. पिडा पळवून लावायची ती तिथली जुनी रीत. आमच्या समोरच्या इमारतीतल्या एक आजी रोज वेळेच्या आधीच अॅल्युमिनियमचं पातेलं घेऊन कठड्याशी उभ्या राहायच्या. पुढे पुढे त्या पातेल्याचा तळ पार चेपून गेला होता.

औषधांच्या धंद्यात लष्करी राजवट म्हणजे काय ते फार लवकर कळतं. माल बंदरावर येऊन पडलेला, सोडवायला कस्टमचा माणूस नाही, पैसे भरायला बँक उघडी नाही. रात्री एक ते सकाळी नऊ इंटरनेट बंद. घरी रात्री पाहुणा राहणार असेल तर वॉर्डाच्या कार्यालयात नोंद करायचा जुना नियम पुन्हा लागू झाला, आणि त्या निमित्तानं कुणाच्याही दारावर थाप पडू लागली. घाऊक बाजारातला माझा एक जुना ग्राहक इन्सुलिनच्या पेट्या मोजून मोजून विकायचा, कारण पुढची खेप कधी येईल ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. शिस्त ती हीच का, असं मला ग्रुपवरच्या मित्रांना विचारायचं आहे. माझे काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. देश लष्कराच्या हाती द्या, असं त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलेलं नाही. हे बोलणारे बहुतेक जण बराकीची पायरीही न चढलेले असतात.

आणि म्यानमारनं हा प्रयोग एकदा नाही, अनेकदा करून पाहिलाय. १९६२ मध्ये ने विन यांनी सत्ता घेतली, दुकानं-कारखाने सरकारजमा केले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या लाखो भारतीयांना रिकाम्या हातानं परतावं लागलं. एकेकाळी जगाला तांदूळ विकणारा हा देश १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सर्वांत मागास देशांच्या यादीत जाऊन बसला. टिळकांचा मंडालेचा तुरुंग आणि रत्नागिरीचा थिबा राजवाडा यापलीकडे मराठी माणसाला ब्रह्मदेशाची फारशी ओळख नाही. ही गोष्ट मात्र आपल्याकडच्या शाळांत शिकवायला हवी.

आता दुसरा मुद्दा, भारतानं काय करायला हवं होतं. सत्तापालटाच्या दिवशीच परराष्ट्र मंत्रालयानं निवेदन काढलं. घडामोडींबद्दल तीव्र चिंता, कायद्याचं राज्य आणि लोकशाही प्रक्रिया टिकायला हवी, परिस्थितीवर बारकाईनं लक्ष आहे. घरून फोन आला की सगळे म्हणायचे, दूतावास नुसतं लक्षच ठेवतो का? मला हा आरोप पटत नाही. राजधानी नेपिडॉला असली तरी बहुतेक दूतावास यांगूनमध्येच आहेत, आपलाही तिथेच मर्चंट स्ट्रीटवर. तो उघडा राहिला, आमची नावं-पत्ते नोंदवून घेतले गेले, विमानं निघाली तेव्हा कळवलं गेलं. लक्ष ठेवणं हे कष्टाचं काम आहे. कुठल्या वॉर्डात गोळीबार झाला, कुठल्या रुग्णालयात किती जखमी आले, कुठली तुकडी कुठे हलली, हे फोन करून, माणसं भेटून, एकाचं दुसऱ्याशी पडताळूनच समजतं. यातली सर्वांत मोठी जोखीम दूतावासांतले स्थानिक कर्मचारी उचलतात. परदेशी अधिकाऱ्याला फार तर देश सोडायला सांगतील, स्थानिक माणसाला रात्रीत उचलून नेतात.

माझी तक्रार वेगळी आहे. आपण पाहिलं, पण कुणाच्या शेजारी बसून पाहिलं? २७ मार्च २०२१ ला लष्कर दिनाचं संचलन होतं. आठ देशांनी आपले प्रतिनिधी पाठवले. रशिया, चीन, पाकिस्तान, बांगलादेश, व्हिएतनाम, लाओस, थायलंड आणि भारत. त्याच दिवशी देशभर शंभरावर माणसं लष्कराच्या गोळ्यांनी मेली, त्यात लहान मुलंही होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एका सहकारी मुलीनं मला विचारलं, "तुमचे लोक तिथे कशाला गेले होते?" ती भांडत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आपल्याकडून दूतावासातले संरक्षण सल्लागार गेले होते आणि त्यांचं कामच यजमान लष्कराशी संबंध ठेवण्याचं असतं, हे मी तिला सांगू शकलो असतो. पण त्या दिवशी ती खुर्ची रिकामी ठेवता आली असती, आणि ठेवायलाच हवी होती.

याच सुमारास मिझोरामनं काय केलं ते पाहा. गृहमंत्रालयानं १० मार्चला सीमेवरच्या चार राज्यांना कळवलं होतं की म्यानमारमधून येणाऱ्यांना रोखा. मुख्यमंत्री झोरमथांगा यांनी १८ मार्चला पंतप्रधानांना पत्र लिहून हे मान्य नसल्याचं सांगितलं. सीमेपलीकडचे चिन लोक मिझोंचे रक्ताचे नातेवाईक. गावोगावी चर्चनी, तरुणांच्या संघटनांनी तांदूळ गोळा केला, बांबूची घरं उभी केली. ज्यांच्याकडून ते बातम्या ऐकत होते ती माणसं त्यांच्याच चुलीपाशी बसलेली होती. त्यामुळे चिन प्रांतात लष्कराचा पाय टिकणार नाही हे आयझॉलला पहिल्यापासून कळत होतं. दिल्ली मात्र नेपिडॉच्या सेनापतींकडून खबर घेत राहिली. जून २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत लष्कराचा निषेध करणाऱ्या ठरावावर ११९ देशांनी बाजूनं मत दिलं, आपण तटस्थ राहिलो.

पुढे झालं काय? ऑक्टोबर २०२३ नंतर सशस्त्र बंडखोर गटांच्या हल्ल्यांपुढे लष्कराच्या हातून एकेक प्रदेश निसटत गेला. जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्याच आराकान आर्मी या गटानं पलेत्वा घेतलं, म्हणजे कोलकात्याहून सितवेमार्गे मिझोरामला जोडणाऱ्या आपल्या कलादान प्रकल्पाच्या वाटेवरचंच गाव. त्याच दिवसांत म्यानमारचे शेकडो सैनिक जीव वाचवायला मिझोरामच्या हद्दीत पळून आले आणि भारतालाच त्यांना विमानानं परत पाठवावं लागलं. हिताचीच भाषा करायची, तर ज्यांच्या ताब्यात आपल्या सीमेपलीकडची जमीन आहे त्यांच्याशी बोलायला आपण उशीर केला. नीतीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी हिशेब चुकतोच.

"आपल्याला काय करायचंय" म्हणणाऱ्यांना म्यावाडीचं नाव ऐकवावं लागेल. थायलंडच्या सीमेवरचं हे गाव. सत्तापालटानंतर कायदा उरला नाही आणि या पट्ट्यात ऑनलाइन फसवणुकीचे अड्डे फोफावले. बँकॉकमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून बोलावलेली मुलं नदीपलीकडे नेली गेली, पासपोर्ट काढून घेतले, मारहाण करून त्यांच्याकडून फसवणूक करवून घेतली. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी सीमेलगतच्या माए सोत या थाई गावाहून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत नेलं. या अड्ड्यांत अडकलेल्यांत महाराष्ट्रातलीही मुलं आहेत. आज म्यावाडीतून फोन आला तर यांगूनचा लष्करी अधिकारी काहीच करू शकत नाही, तिथे शब्द चालतो तो स्थानिक सशस्त्र गटांचा.

सू की यांचा पक्ष २०२३ मध्येच बरखास्त केला गेला. त्यानंतर डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं निवडणूक घेण्यात आली, तीही देशाच्या मोठ्या भागात मतदान न होता. आता ग्रुपवर "झालं ना मतदान" असं म्हणणारे आहेत. मिझोराममध्ये आश्रय घेतलेली हजारो माणसं या मतदानाला काय म्हणतात ते विचारायला हवं. भारताकडे निर्वासितांसाठी कायदा नाही, १९५१ च्या करारावर आपली सही नाही. २०२४ मध्ये सरकारनं सीमेवरची मुक्त ये-जा थांबवण्याचं आणि कुंपण घालण्याचं जाहीर केलं. महाराष्ट्रातून ४८ खासदार लोकसभेत जातात. या माणसांची नोंद कोण ठेवतं, त्यांच्या मुलांच्या शाळेचं काय, आणि पलेत्वात सध्या आपण कुणाशी बोलतोय, हे तीन प्रश्न त्यांच्यापैकी एकानं येत्या अधिवेशनात लेखी विचारावेत.