आधी जिव्हेर्नी, मग रुआँ. उलटं नको

पॅरिसला जाणाऱ्या आपल्या मंडळींच्या यादीत हल्ली चित्रकार मोनेचं जिव्हेर्नी गावातलं घर आणि बाग असतेच. टूरवाले ती व्हर्सायच्या राजवाड्यासोबत एका दिवसात कोंबतात आणि दोन्हींची वाट लावतात. या बागेची खरी जोडी रुआँ शहराशी. दोन्ही एकाच रेल्वेमार्गावर आहेत, आणि दोन्हीकडे तोच चित्रकार उन्हाच्या मागे लागला होता.

क्रम मात्र पाळायचा. मोनेच्या बागेतल्या तळ्यातली फुलं सकाळी उन्हं वर आल्यावर उमलतात आणि दुपार कलली की मिटायला लागतात. रुआँच्या कॅथेड्रलचा, म्हणजे मुख्य चर्चचा, दर्शनी भाग पश्चिमेकडे, त्यामुळे त्याच्यावर ऊन येतं ते दुपारनंतर. उलटं केलंत तर सावलीतला दगड आणि मिटलेल्या कळ्या बघून परत याल.

पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनवरून व्हेर्नोंची (बागेसाठी उतरायचं स्टेशन) गाडी, साधारण पाऊण-एक तास. रुआँच्या सगळ्याच गाड्या व्हेर्नोंला थांबत नाहीत, फलाटावरची थांब्यांची यादी वाचूनच चढा. पॅरिसचा नाव्हिगो हा प्रवासाचा पास इथे चालत नाही, वेगळं तिकीट काढावं लागतं. व्हेर्नों स्टेशनबाहेरून बागेपर्यंत शटल बस मिळते. ती चुकली तर पाचेक किलोमीटरचा सपाट रस्ता आहे, सायकलने मजेत होतो.

बाग १ एप्रिल ते १ नोव्हेंबर एवढीच उघडी असते. तिकीट ऑनलाइन आधीच काढा. साडेनऊला आत शिरलात की फुलांच्या वाफ्यांत रमू नका. रस्त्याखालच्या भुयारातून थेट तळ्याकडे जा. जपानी पूल रिकामा मिळतो तो तेवढ्या पंधरा मिनिटांतच. मग घर बघा आणि अकराच्या सुमारास फुलांसाठी पुन्हा तळ्यावर या. आपण त्यांना सरसकट कमळं म्हणतो, पण ती वॉटर लिली: पान पाण्यावर टेकलेलं, त्याला एका बाजूला चीर. कमळाचं पान अखंड गोल असतं आणि देठावर पाण्याच्या वर उभं राहतं. या लिलींचा बहर जुलै-ऑगस्टमध्ये. एप्रिलमध्ये गेलात तर ट्यूलिप भरपूर, तळं मात्र हिरवंगार आणि बिनफुलाचं. ऑगस्ट सरता सरता मधल्या वाटेवर नस्टर्शियमचे वेल दोन्ही कडांनी असे सरकत येतात की वाट दिसेनाशी होते. मोनेने १८९३ मध्ये तळ्यासाठी जमीन घेतली, तेव्हा या परदेशी झाडांनी पाणी नासेल म्हणून गावकऱ्यांनी हरकत घेतली होती. गाव कुठलंही असो!

घरातल्या स्वयंपाकघरात जरा थांबा. भिंतींवरच्या निळ्या फरश्या रुआँच्याच.

बागेत डबा खायला परवानगी नाही, आणि फ्रान्समध्ये दोननंतर बऱ्याच हॉटेलांचं स्वयंपाकघर बंद होतं. तेव्हा डबा बागेतून बाहेर पडल्यावर, बसची वाट बघताना उरका. दुपारी रुआँकडच्या गाड्या विरळ असतात. ती वेळ आधी बघा आणि बस त्या हिशोबाने पकडा.

रुआँ रीव्ह-द्रुआत स्टेशनवरून जान द आर्कच्या (आपली जोन ऑफ आर्क) नावाचा रस्ता उताराने खाली जातो, दहा मिनिटांत जुन्या शहरात. १८९२-९३ मध्ये मोनेने समोरच्या इमारतींमधून हेच कॅथेड्रल तीसेक वेळा रंगवलं. ऊन सरकलं की कॅनव्हास बदलायचा. उजवीकडच्या मनोऱ्याला लोण्याचा मनोरा म्हणतात. उपवासाच्या दिवसांत लोणी खायची सूट मिळावी म्हणून भाविकांनी दिलेल्या पैशांतून तो उभा राहिला! (एकादशी अन् दुप्पट खाशी वाल्यांनी हसू नये.) मधला लोखंडी कळस १५१ मीटर, फ्रान्समधल्या चर्चांत सर्वात उंच. ११ जुलै २०२४ ला त्याच्या दुरुस्तीच्या कामावर आग लागली होती.

तिथून मोठ्या घड्याळाच्या कमानीखालून जुन्या बाजारचौकात या. १४३१ मध्ये जान द आर्कला इथे जाळलं. शेजारचं १९७९ चं चर्च बाहेरून विचित्र वाटतं, तरी आत जाच: सोळाव्या शतकातल्या रंगीत काचा आहेत, १९४४ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या दुसऱ्या चर्चच्या. रुआँचं कलासंग्रहालय बघायचं असेल, तर ते मंगळवारी बंद.

उन्हाळ्यात सहानंतर पुन्हा कॅथेड्रलसमोर जाऊन बसा, तोवर दगड पिवळा झालेला असतो. फक्त परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ स्टेशनवर उतरल्याउतरल्याच बघून ठेवा.