चार मजल्यांचे परीक्षण

शुक्रवारी संध्याकाळी मी लिफ्ट वापरत नाही. डॉक्टरांनी जिना चढायला सांगितले आहे, असे मी सोसायटीत पसरवून ठेवले आहे. पण खरे कारण वेगळे आहे. तळमजल्यापासून आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत पोहोचायला त्या लिफ्टला पन्नास सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात, त्या दिवशी प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचे कथानक न सांगता, कोणाचाही रसभंग न करता आणि तिकिटाचे पैसे वसूल होतील की नाही याची हमी देऊन मला माझे परीक्षण पूर्ण करावे लागते. वृत्तपत्रांतील समीक्षकांना निदान बसायला खुर्ची असते. मला मिळतो तो बंद पंखा, आणि हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन उभ्या असलेल्या तळमजल्यावरच्या काकू, ज्यांना मुळात लिफ्टने कुठेही जायचे नसते.

या संकटाची सुरुवात २३ सप्टेंबर २०२२ रोजी झाली. राष्ट्रीय चित्रपट दिनाच्या निमित्ताने त्या दिवशी मल्टिप्लेक्समध्ये ७५ रुपयांत तिकीट मिळत होते. एवढ्या पैशांत वातानुकूलित जागेत अडीच तास बसायला मिळत असेल, तर पडद्यावर काय चालले आहे हा प्रश्न गौण ठरतो, अशा उदार विचाराने मी रजा टाकली आणि सकाळपासून रात्रीपर्यंत ओळीने तीन चित्रपट पाहिले. दुसऱ्या दिवशी सोसायटीत पाण्याच्या टाकीसंबंधी बैठक होती. विषय निघाला म्हणून त्या तिघांपैकी एका चित्रपटाविषयी मी ‘वाईट नाही’ असे दोनच शब्द बोललो. टाकी अजून गळते आहे. पण त्या रात्री आमच्या इमारतीतील अकरा जण पूर्ण दराचे तिकीट काढून तो चित्रपट पाहून आले, आणि तेव्हापासून हे पद माझ्या गळ्यात पडले ते पडलेच.

‘वाईट नाही’ ही पुण्यात मोठी पदवी आहे. माझ्या आजोबांनी आजीच्या पुरणपोळीला पन्नास वर्षांत यापलीकडची शाबासकी कधी दिली नाही. परंतु आमचे सचिव कोल्हापूरचे आहेत. ‘वाईट नाही म्हंजे चांगला का वाईट, एक काय ते सांगा की,’ असे म्हणून ते माझ्याकडे असे पाहतात, की जणू मी देखभाल खर्चाचा हिशेब लपवतो आहे. नागपूरचा मेहुणा तर फोनवर दोनच पर्याय ठेवतो : ‘भाऊजी, बढिया आहे का बेकार, तेवढं सांगून द्या ना.’ या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी मराठी चित्रपटसृष्टीचा बहुतांश भाग राहतो, हे त्याला पटत नाही.

हौशी समीक्षकाची म्हणून एक वेगळीच भाषा असते, हे मला हळूहळू उमगले. ‘फर्स्ट हाफ जरा स्लो आहे, पण सेकंड हाफ पकड घेतो,’ हे वाक्य मी इतक्या वेगवेगळ्या चित्रपटांविषयी ऐकले आहे, की ते चित्रपटाचे वर्णन नसून समोशाच्या आधीच्या आणि नंतरच्या मनःस्थितीचे वर्णन असावे, असा मला संशय येतो. मध्यंतर हा आपल्याकडे चित्रपटाचा अविभाज्य भाग आहे. ज्या परदेशी चित्रपटांना तो नसतो, त्यांनाही आपली चित्रपटगृहे मधोमध कापून तो देतात, आणि नायक कड्याला लोंबकळत असताना अचानक दिवे लागतात. आपले रहस्यपट लिहिणाऱ्यांना त्यामुळे पॉपकॉर्नच्या रांगेत चर्चेला पुरेल असे एक प्रेत मध्यंतरापूर्वी पाडावेच लागते. विनोदी चित्रपटासाठीचे ठरलेले वाक्य म्हणजे ‘डोकं घरी ठेवून जा’. रहस्यपटासाठीचे त्याच्या नेमके उलट, ‘डोकं चालवत बघा’. एकाच दिवशी दोन्ही पाहायचे असतील तर ते डोके मधल्या वेळात स्कूटरच्या डिकीत ठेवावे की काय, याविषयी मात्र कोणी मार्गदर्शन करत नाही.

या दोन प्रकारांनी माझे जिणे नकोसे केले आहे. कौटुंबिक चित्रपटाविषयी ‘रडू येते’ आणि ऐतिहासिक चित्रपटाविषयी ‘भव्य आहे’ एवढे म्हटले की माणूस सुटतो. विनोदी चित्रपटाचे काय सांगावे? ‘हसू येते’ म्हटले, की समोरचा हाताची घडी घालून म्हणतो, ‘सांगा बरं एखादा प्रसंग.’ एकदा मी तो मोह टाळू शकलो नाही. पडद्यावर चाळीस सेकंदांत आटोपलेला, आणि सगळे थिएटर ज्याला डोक्यावर घेत होते असा प्रसंग मी सासूबाईंना अकरा मिनिटे सांगितला. मध्येच मला नायकाच्या मावशीचे नाते समजावून सांगण्यासाठी मागे जावे लागले, दोन पात्रांचे आवाज काढावे लागले आणि टेबलावरून खाली वाकून दाखवावे लागले. सगळे ऐकून झाल्यावर सासूबाईंनी अत्यंत काळजीने विचारले, ‘मग त्या बाईला लागलं का फार?’

त्यात प्रत्येक मराठी विनोदी चित्रपटाच्या मानेवर एक सुरी कायम टांगलेली असते. कोणीही, कुठेही, विचारतो तो प्रश्न एकच : ‘बनवाबनवीइतका आहे का?’ सचिन पिळगांवकरांनी दिग्दर्शित केलेला ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली आला, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांनाही तो तोंडपाठ आहे. त्यातील सर्वांत गाजलेले वाक्य पाहा : एक गृहस्थ अमुक माणूस इथेच राहतो का, अशी चौकशी करतो. बस्स. कागदावर त्यात विनोदाचा टिपूसही नाही. पोस्टमन रोज तेच विचारतो. तरीही ते वाक्य नुसते उच्चारले की लग्नाच्या पंगतीपासून स्मशानाच्या कट्ट्यापर्यंत कुठेही माणसे हसतात, कारण त्या वाक्यामागे अशोक सराफांचा चेहरा आणि आपले पस्तीसहून अधिक वर्षांचे हसणे उभे असते. आज सकाळी नऊला प्रदर्शित झालेल्या बिचाऱ्या चित्रपटाकडे एवढी जुनी ठेव कुठून असणार? हे मी लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यापर्यंत समजावून सांगतो. तिसऱ्या मजल्यावर समोरचा म्हणतो, ‘म्हणजे नाही ना तेवढा? मग ओटीटीवर आल्यावर बघू.’

रहस्यपटाचे दुखणे याच्या नेमके उलट आहे. तिथे काही सांगायचेच नसते, आणि काकूंना नेमके तेवढेच हवे असते. ‘खुनी कोण ते सांगू नका हं,’ अशी त्या स्वतःच सुरुवात करतात, ‘मी नावं घेते, तुम्ही फक्त मान हलवा.’ मी मान ताठ ठेवतो. मग त्या माझ्या भुवया वाचतात. मी भुवया आवरतो, तेव्हा त्या नटांकडे वळतात. ‘त्याचं काम कसं झालंय?’ मी बेसावधपणे म्हणतो, ‘लहानच भूमिका आहे, पण छान केली आहे.’ त्यासरशी काकूंचे डोळे चमकतात. ‘एवढा मोठा नट आणि लहान भूमिका? उगाच घेतला असेल होय त्याला? मग तोच!’ आणि दुःख हे, की तोच असतो. निर्माते लाखो रुपये मोजून जे रहस्य अडीच तास जपतात, ते मानधनाच्या साध्या त्रैराशिकाने कोथिंबीर निवडता निवडता सुटते. तेव्हापासून मी रहस्यपटात कोणाच्याही अभिनयाची स्तुती करत नाही. प्रकाशयोजनेची करतो. पण काकूंनी तेही ओळखले आहे. ‘कुणाच्या तोंडावर जास्त अंधार होता?’ असे त्या परवाच विचारत होत्या.

अर्थात या बाबतीत मोठमोठ्यांचाही निभाव लागलेला नाही. १९९७ साली आलेल्या ‘गुप्त’ या हिंदी रहस्यपटातील भूमिकेसाठी काजोलला फिल्मफेअरचा पुरस्कार मिळाला, आणि तो मिळाला नकारात्मक भूमिकेसाठी. तो पटकावणारी ती पहिली स्त्री ठरली, हे कौतुकास्पदच आहे; पण ज्यांनी तोवर चित्रपट पाहिला नव्हता, त्यांच्यापुढे खुद्द पुरस्कार सोहळ्यानेच गुन्हेगाराला व्यासपीठावर आणून उभे केले, त्याचे काय? (हे वाचून ज्यांचा आता रसभंग झाला त्यांनी मला क्षमा करावी, मात्र त्यांना पुरेशी सवड मिळालेली होती, हेही ध्यानात घ्यावे.) उलट लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ पासून, महासाथीच्या काळातील खंड सोडला तर, सतत चालू आहे. प्रयोग संपल्यावर शेवट कोणाला सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते आणि प्रेक्षक ती पुष्कळ अंशी पाळतात म्हणे. आपल्याकडे अशी विनंती केली, तर बाहेर रिक्षात बसता बसता पहिला माणूस फोनवर म्हणेल, ‘अगं, सांगू नका म्हणालेत, पण तुला म्हणून सांगतो.’

घरात तर आणखी निराळा प्रकार आहे. सासूबाईंना शेवट आधी कळला नाही तर त्यांचा रक्तदाब वाढतो, त्यामुळे त्यांना सगळे उलगडून सांगणे हे वैद्यकीय कर्तव्य ठरते. कादंबरीचे शेवटचे पान वाचून मगच पहिले पान उघडण्याची त्यांची जुनी पद्धत आहे. मी पूर्वी त्यांना हसत असे. परंतु अमेरिकेतील सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दोन मानसशास्त्रज्ञांनी लघुकथांवर प्रयोग केले, आणि शेवट आधी ठाऊक असलेल्या वाचकांना कथा कमी नव्हे तर थोडी अधिकच आवडते, असा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध केला. जे सासूबाईंनी कोणत्याही अनुदानाशिवाय सिद्ध केले होते, त्याला विद्यापीठाची मोहोर लागल्याचे मी त्यांना सांगितले, ते मला महागात पडले. आता त्या चित्रपट पाहत असताना शेजारच्या खुर्चीतून, ‘बघ, आता तो येईल आणि उशीखालची किल्ली घेईल,’ असे मोठ्याने सांगतात. माझ्याच तोंडून ऐकलेले रहस्य मला परत ऐकावे लागते.

आणि मग गेल्या पावसाळ्यातला तो शुक्रवार आला. त्या दिवशी एक मराठी विनोदी चित्रपट आणि एक हिंदी रहस्यपट असे दोन्ही एकदमच लागले. नावे मुद्दाम देत नाही. दिली तर कसे होते म्हणून फोन येतील. पहिल्यात एक घरमालक, एक भाडेकरू आणि एक खोटे लग्न होते. दुसऱ्यात घाटमाथ्यावरचा बंगला, धो धो पाऊस आणि एक मयत उद्योगपती होता. सकाळी विनोदी, दुपारी रहस्य असा क्रम मी लावला. संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सचिवांचा प्रश्न आला : ‘पहिला कसा? दुसरा कसा?’ मी जिन्यातूनच उत्तर दिले : ‘पहिला : डोके बाजूला ठेवून सहकुटुंब जा, मुलेही हसतील. दुसरा : बारीक लक्ष ठेवा, कोणावरही विश्वास ठेवू नका.’ अडचण एवढीच होती, की माझा पहिला म्हणजे सकाळी पाहिलेला, आणि सचिवांचा पहिला म्हणजे वृत्तपत्रातील जाहिरातीत वर छापलेला.

तिसऱ्या मजल्यावरचे कुटुंब चार मुलांना घेऊन रहस्यपटाला गेले. चित्रपट कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर, मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांना मिळणाऱ्या ‘यूए’ प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा असे वयोगट पाडले गेले आहेत, ते पडद्यावर ठसठशीत दाखवतात. पण आमच्या इमारतीत प्रमाणपत्रापेक्षा माझ्या शब्दाला मान आहे. हा विनोदी चित्रपट आहे या श्रद्धेने ती सहाही माणसे पहिल्या दृश्यापासून हसत राहिली. उद्योगपती जिन्यावरून गडगडत खाली आला तेव्हा धाकट्याने टाळ्या वाजवल्या, इन्स्पेक्टर गंभीर झाला तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आले आणि शेवटी खुनी हुंदके देत कबुली देऊ लागला, तेव्हा मागच्या रांगांनाही हसू आवरेना. ‘काय ॲक्टिंग आहे हो त्या मेलेल्याची!’ असे म्हणत त्या गृहस्थांनी रविवारी मला पेढे आणून दिले.

काकू एकट्याच भाडेकरूच्या चित्रपटाला गेल्या. त्या हसल्या नाहीत. खोट्या नवरीचा घुंघट, घरमालकाची पानाची चंची, फ्रिजमध्ये लपलेला मित्र, या सगळ्यांवर त्यांनी दोन तास पाळत ठेवली. आजूबाजूचे प्रेक्षक खिदळत होते ते त्यांना अत्यंत बेजबाबदारपणाचे वाटले. शेवटी सगळ्यांचे गैरसमज दूर होऊन खरे लग्न लागले, तेव्हा त्या अक्षरशः खुर्चीच्या टोकावर होत्या.

या घोटाळ्यानंतर तरी माझे पद जाईल, अशी मला आशा होती. पुढच्या शुक्रवारी लिफ्ट टाळून मी नेहमीप्रमाणे जिना चढू लागलो, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काकू प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेल्या. मांडीवर मेथी होती.

‘तुम्ही जिन्यानंच येणार, हे मला ठाऊक होतं,’ त्या म्हणाल्या. ‘बसा जरा. त्या भाडेकरूनं घरमालकाला शेवटी लाडू दिला, तो घरमालकानं खाल्लेला दाखवलाच नाही. काय होतं हो त्या लाडवात?’