आमच्या वासोटा किल्ल्याच्या सहलीवरच्या ‘ज्वालामुखी दाखवलाच नाही’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

दोन तारे दिलेत. पिठलं गार होतं, ते कबूल. त्या दिवशी दोन गट एकदम आले आणि आमच्या चुलीची तारांबळ उडाली. जेवणाचे पैसे आजच परत पाठवलेत.

आता मोठी तक्रार. जाहिरातीत ‘ज्वालामुखीने घडवलेली दरी’ लिहिलंय आणि तुम्हाला दिसले नुसते काळे दगड. सर, धूर सोडणारा डोंगर आमच्याकडे नाहीच. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा घावनाच्या पिठासारखा पसरत गेला. एक थर निवला की त्यावर दुसरा. पुढे महाबळेश्वरहून निघालेल्या कोयना नदीने तेच थर कापत ही दरी केली. बामणोलीहून बोटीत बसल्यावर डोंगरांना पायऱ्या-पायऱ्या दिसतात ना, ते हे थर. टणक थराचा कडा उभा राहतो, ठिसूळ थर झिजतो आणि त्याच्या उतारावर झाडी माजते. वासोट्याचा बाबुकडा म्हणजे हीच चळत उभी कापलेली. तिथे तुम्ही अर्धा तास फोटो काढत होतात! म्हणजे बघितलंत सगळं, ओळख करून द्यायची आमच्याकडून राहिली. यापुढे बोट सुटल्या सुटल्या सांगायचं ठरवलंय.

गडावर मुक्काम नाही, प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून न्यायच्या नि मोजून आणायच्या, अंधाराच्या आत परतायचं, हे नियम वन खात्याचे. १९८५ पासून हे कोयना अभयारण्य आहे आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. जास्त पैसे घेऊन रात्रीची सोय आम्ही कुणालाच करून देत नाही. बुकिंगच्या मेसेजमध्ये हे लिहिलं होतं. अर्थात एवढा लांब मेसेज वाचतं कोण, तेही खरंच.

स्पीकर बंद करायला लावला म्हणून बोटवाल्याला ‘उद्धट’ म्हणालात, ते मात्र पटलं नाही. बोलायला तो तुसडा आहे, मान्य. पण त्याच्या आजोबांचं शेत याच शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या, पाण्याखाली आहे. त्या पाण्यावर गाणी लावलेली त्याला खपत नाहीत, आणि जंगलात तशीही चालत नाहीत.

पुन्हा यायचं झालं तर पावसाळा सरल्यावर या आणि सकाळची पहिली बोट धरा. उशिरा निघाल्यामुळे तुमची नागेश्वरची गुहा राहूनच गेली.